सभा येथें, श्रोते दूर

दोन वर्षांपूर्वीं आमच्या शाळेच्या वार्षिक संमेलनाचें थेट प्रक्षेपण करण्याचें काम मजकडे आलें व तें मीं मोठ्या हौसेनें पत्करलें. सभागृहाच्या अगदीं मागच्या भिंतीशीं एक तिकाटणें उभें केलें, त्यावर माझा मोबाइल बसविला, शाळेच्या वाय-फायला तो जोडला, पालकांच्या गटावर दुवा धाडला आणि निश्चिंत मनानें पहिल्या रांगेंत पाहुण्यांच्या शेजारीं जाऊन बसलों. त्या दिवशीं आठवींतील एका मुलीनें फार सुरेख भाषण केलें. तिचे वडील मस्कत येथें नोकरीस असतात आणि तीन वर्षांत त्यांना शाळेच्या एकाहि कार्यक्रमास येतां आलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं त्यांचा निरोप आला : "सर, मुलगी दिसली. तिचे ओठ हलतांना दिसले. सभागृहांतला घुमारा आणि मागच्या बाकांवरील मुलांची कुजबुज मात्र स्पष्ट ऐकूं आली. ती काय बोलली तें रात्रीं फोनवर तिच्याकडूनच म्हणवून घेतलें." निरोपांत तक्रारीचा एकहि शब्द नव्हता, आणि म्हणूनच तो मला अधिक लागला.

मोबाइल चांगला होता, इंटरनेट चालू होतें, दुवाहि बिनचूक होता. चुकलें होतें तें एवढेंच कीं, त्या दुव्याच्या दुसऱ्या टोकाला कोणी मनुष्य बसला आहे ह्याचा मीं विचारच केला नव्हता. तेव्हांपासून ह्या विषयाकडे मी अंमळ लक्ष देऊं लागलों. कांहीं वाचलें, कांहीं जाणत्यांना विचारलें, व बरेंचसें चुकून शिकलों. त्यांतून जें मत बनलें तें विद्यार्थी व पालक ह्यांच्यापुढें मांडावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. माझें मत असें कीं, ज्या समारंभास कांहीं मंडळी प्रत्यक्ष येतात व कांहीं दुरून उपस्थित असतात, त्यांत दूरचा मनुष्य हाहि पाहुणाच होय. त्याच्यासाठीं खुर्ची मांडावी लागते, आणि ती मांडण्याचें काम कोणतेंहि यंत्र आपण होऊन करीत नाहीं. यंत्र कोणतें घ्यावें हा प्रश्न मागाहूनचा. कोण, कोठें, कशावर आणि कशासाठीं ऐकत बसणार आहे, हा आधींचा.

हल्लीं अशा समारंभास 'हायब्रिड' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. हा शब्द आपल्या शेतकरी पालकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. बियाण्यांच्या दुकानांत तो रोज ऐकूं येतो व तेथें त्याचा अर्थ संकरित असा होतो. मी त्यास मिश्र समारंभ म्हणेन. ज्यांत सगळींच माणसें आपापल्या घरीं असतात ती दूरस्थ सभा. दूरस्थ सभेची ओळख आपणां सर्वांस २०२० च्या टाळेबंदीनें करून दिली. झूम ही कंपनी त्यापूर्वीं नऊ वर्षें, म्हणजे २०११ सालीं निघालेली; पण आपल्या ओसरीवर आणि माजघरांत तिचें नांव शिरलें तें २०२० मध्यें. दूरस्थ सभेंत एक मोठी सोय असते, ती ही कीं, सगळ्यांची गैरसोय सारखी असते. मिश्र समारंभांत हें समत्व राहत नाहीं. सभागृहांत बसलेल्यास चहा मिळतो, शेजाऱ्याशीं बोलतां येतें, आणि वक्त्याचा विनोद नीट ऐकूं आला नाहीं तर इतरांबरोबर हंसतां तरी येतें. दूरच्यास ह्यांतलें कांहीं नाहीं. म्हणून मिश्र समारंभ हा दूरस्थ सभेपेक्षां कठीण आहे, आणि आपण मात्र त्यास सोपा समजून एखाद्या मोबाइलवर भागवितों.

ही कल्पना आजची आहे असेंहि कोणी समजूं नये. १९१५ च्या जानेवारींत न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत टेलिफोनचा मार्ग खुला झाला, आणि पुढच्याच वर्षीं, १६ मे १९१६ रोजीं, अमेरिकेंतील विद्युत-अभियंत्यांच्या संस्थेनें आपली राष्ट्रीय सभा तारांवरून भरविली. न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को वगैरे आठ शहरांतील सभागृहांत मिळून ५००० हून अधिक लोक त्या रात्रीं एका सभेंत बसले होते. चित्र नव्हतेंच. होता तो केवळ आवाज. आणि तो ऐकूं यावा म्हणून श्रोत्यांच्या हातीं टेलिफोनचे स्वतंत्र श्रवणयंत्र दिलेलें होतें. कर्णा लावून सगळ्यांना एकदम ऐकविण्याची चैन तेव्हां साध्य नव्हती. म्हणून कानाकानाची व्यवस्था करावी लागली. मला ह्यांत मोठा बोध दिसतो. आज माझ्या खिशांत त्यांच्यापेक्षां किती तरी प्रबळ यंत्र आहे, आणि तरीहि मस्कतच्या एका कानाची व्यवस्था मला करतां आली नाहीं.

दुसरें उदाहरण ९ डिसेंबर १९६८ चें. त्या दिवशीं सॅन फ्रान्सिस्को येथील संगणकतज्ज्ञांच्या परिषदेंत डग्लस एन्गलबार्ट ह्यांनीं सुमारें १००० श्रोत्यांपुढें नव्वद मिनिटें एक प्रयोग करून दाखविला. त्यांचा संगणक त्या सभागृहांत नव्हता. तो जवळजवळ ५० किलोमीटर दूर मेन्लो पार्क येथें होता आणि त्यांचे कांहीं सहकारीहि तेथेंच बसले होते. सूक्ष्मलहरींच्या दुव्यानें तेथील चेहरे व अक्षरें येथील भव्य पडद्यावर उमटत होतीं. आज आपण टेबलावर सहज फिरवितों तो माऊस लोकांनीं जाहीर रीतीनें प्रथम पाहिला तो त्याच सभेंत. विद्यार्थी हा प्रसंग माऊससाठीं लक्षांत ठेवतात. माझें लक्ष गेलें तें निराळ्याच गोष्टीकडे. एन्गलबार्ट व्यासपीठावर बोलत असतां, कोणतें चित्र केव्हां पडद्यावर आणावयाचें हें त्यांचे सहकारी बिल इंग्लिश सांभाळीत होते. जो बोलतो त्याच्याच गळ्यांत यंत्रें सांभाळण्याचें काम बांधूं नये, हें त्या मंडळींनीं तेव्हांच ओळखलें होतें. आपल्याकडे अजूनहि मुख्याध्यापक स्वागत करतां करतां लॅपटॉपच्या कळा दाबीत असलेले दिसतात.

आतां यंत्रांविषयीं. बाजारांत जावें तर नांवांचा गोंधळ उडतो : झूम, गुगल मीट, मायक्रोसॉफ्ट टीम्स, युट्यूब. परंतु मूळ जाती दोनच. एकींत बोलणें एकाच दिशेनें जातें, दुसरींत दोन्ही दिशांनीं. पहिलीस प्रक्षेपण म्हणावें, दुसरीस सभा. प्रक्षेपण स्वस्त, सोपें व हजारों लोकांस पुरणारें. पण त्यांत वेळ लागतो. युट्यूबवरून थेट दाखविलेलें भाषण पाहणाऱ्यापर्यंत पोंचावयास कित्येक सेकंद, कधीं कधीं अर्धें मिनिटहि जातें. सभेंत एवढा विलंब चालत नाहीं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी.११४ नांवाची एक शिफारस आहे. तीप्रमाणें बोलणाऱ्याचा शब्द १५० मिलिसेकंदांच्या आंत दुसऱ्याच्या कानीं पडला तर संभाषणास सहसा बाधा येत नाहीं, आणि ४०० च्या पलीकडचा विलंब टाळावा असें सांगितलें आहे. सेकंदाचे हे बारीक तुकडे ऐकून कोणास हंसूं येईल. परंतु एका गांवीं पालकांच्या सभेंत मीं जें पाहिलें तें सांगतों. विषय होता शाळेच्या गाडीच्या भाड्याचा. नोकरीनिमित्त परगांवीं असलेल्या पालकांनाहि भाग घेतां यावा म्हणून सभा युट्यूबवर दाखविली होती आणि "आपलें मत खालीं लिहावें" असें त्यांस सांगितलें होतें. अध्यक्षांनीं "कोणाची हरकत?" असें विचारलें, क्षणभर थांबले, ठराव टाळ्यांच्या गजरांत संमत झाला; आणि टाळ्या थांबल्यावर पुण्याच्या एका पालकांची हरकत पडद्यावर उमटली! त्यांनीं उशीर केला नव्हता. प्रश्नच त्यांच्यापर्यंत वीस-पंचवीस सेकंद उशिरा पोंचला होता. त्या गृहस्थांस दारिद्र्यामुळें भाडें जड जात होतें, म्हणून ही गोष्ट विनोदाची राहत नाहीं. जेथें मत घ्यावयाचें आहे तेथें प्रक्षेपण वापरणें म्हणजे मनुष्यास आंत बोलावून तोंडावर पट्टी बांधणें होय. उलट, बक्षीस-समारंभ दोनशें घरीं नुसता दाखवावयाचा असेल तर दोनशें खिडक्या उघडून बसण्यांत अर्थ नाहीं. तेथें प्रक्षेपणच योग्य.

यंत्रांपैकीं सर्वांत जास्त दुर्लक्ष होतें तें आवाजाकडे, आणि माझ्या मतें सगळा डाव तेथेंच जिंकला वा हरला जातो. चित्र क्षणभर थबकलें तर मनुष्य वाट पाहतो. आवाज तुटूं लागला कीं पांच मिनिटांत तो कंटाळून उठतो. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. सभागृहांत तर भिंती व पत्रे ह्यांवरून परतणारा घुमारा त्यांत मिसळतो. प्रत्यक्ष बसलेल्या माणसास हा घुमारा फारसा जाणवत नाहीं, कारण देवानें त्यास दोन कान दिले आहेत व बुद्धि त्या दोहोंचा मेळ घालून वक्त्याचा शब्द वेगळा काढते. तिकाटण्यावरच्या मोबाइलला हें साधत नाहीं. त्यास वक्ता, पंखा, आणि मागच्या बाकावरील कुजबुज सारखींच. जवळचें तेवढें त्यास मोठें, म्हणून माझ्या प्रक्षेपणांत कुजबुज जिंकली.

ह्यावर उपाय खर्चाचा नाहीं. वक्त्याच्या माइकची तार ज्या मिक्सरला जाते, त्याच मिक्सरमधून एक निराळी तार लॅपटॉपकडे न्यावी. बहुतेक मिक्सरांवर 'ऑक्स' ह्या नांवाची बाहेर जाणारी वाट असतेच. मंडपवाल्याबरोबर येणाऱ्या साउंडवाल्यास ती ठाऊक असते. आपण विचारीत नाहीं, म्हणून तो सांगत नाहीं. मिक्सर व लॅपटॉप ह्यांच्यामध्यें एक लहानसा ऑडिओ इंटरफेस लागतो. एवढें केलें कीं वक्त्याच्या तोंडापासून चार बोटांवरचा शब्द सरळ मस्कतला जातो. मध्यें सभागृह येतच नाहीं.

दूरच्या मनुष्यानें बोलावयाचें असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. त्याचा आवाज आपल्या कर्ण्यांतून निघतो, व्यासपीठावरच्या माइकांत शिरतो आणि परत त्याच्याकडेच जातो. स्वतःचें बोलणें अर्ध्या सेकंदानें स्वतःच्या कानीं आदळूं लागलें कीं भलाभला वक्ताहि अडखळतो. म्हणून दूर पाठविण्याच्या मिश्रणांतून खुद्द त्याचा आवाज तेवढा वगळावयाचा असतो, आणि तो बोलत असेतों व्यासपीठावरचे माइक उतरवून ठेवावयाचे असतात. ह्या वगळण्यास साउंडच्या धंद्यांत 'मिक्स-मायनस' म्हणतात. नववी-दहावीच्या मुलांना हें एकदां आकृति काढून समजावून द्यावें. मग तीं मोठ्या माणसांपेक्षां बिनचूक करतात, हा माझा अनुभव आहे.

गाण्याच्या बाबतींत तर यंत्राचा शहाणपणा आड येतो. झूमसारख्या साधनांत नको असलेला आवाज आपोआप गाळण्याची योजना असते. पंख्याची घरघर, रस्त्यावरची मोटार असे एकसारखे चालणारे आवाज तें ओळखतें व दाबून टाकतें. परंतु तंबोरा काय करतो? तोहि एकसारखाच वाजतो! गतवर्षींच्या तालमींत आमच्या मुलीनें षड्ज लावला आणि पलीकडे बसलेले माजी विद्यार्थी म्हणाले, "गाणें येतें आहे, पण तंबोरा कोठें गेला?" यंत्रानें त्यास पंखा समजून बंद केलें होतें. पेटीचा लांबविलेला सूरहि असाच मध्येंच गळून पडे. ह्यासाठीं त्याच साधनांत मूळ आवाज जसाच्या तसा पाठविण्याची निवड असते. गायनापूर्वीं ती करावी आणि भाषणापूर्वीं पुन्हां बदलावी. आणि दूरच्या मंडळींनीं आपल्याबरोबर एकसुरांत प्रार्थना म्हणावी, असा आग्रह मात्र कोणीहि धरूं नये. समूहगानास सेकंदाच्या शतांशांचा मेळ लागतो. तो ह्या तारांवर मिळत नाहीं. त्यांनीं आपापल्या घरीं म्हणावी, माइक बंद ठेवून. प्रार्थनेस त्यानें उणेपणा येत नाहीं.

इंटरनेटविषयीं थोडेंच सांगण्यासारखें आहे. वाय-फायवर विसंबूं नये, केबल ओढावी. कारण सभागृह भरलें कीं तीनशें मोबाइल त्याच वाय-फायला लोंबकळूं लागतात. जाहिरातींत जो वेग ठळकपणें छापलेला असतो तो बहुधा उतरवून घेण्याचा असतो. आपणांस हवा वर चढविण्याचा. झूमच्या सूचनेप्रमाणें १०८० ओळींच्या चित्रास चढविण्याचा वेग सेकंदास ३.८ मेगाबिटांच्या आसपास लागतो. नुसत्या आवाजास त्याचा जेमतेम पन्नासावा हिस्सा पुरतो. ही गोष्ट ज्यांचे वडील बोटीवर खलाशी आहेत अशा आपल्या मुलांनीं अवश्य ध्यानीं ठेवावी. भर समुद्रांत चित्राचा हट्ट धरला तर कांहींच मिळत नाहीं. चित्र बंद करून आवाज ठेवला तर भाषण पुरतें ऐकूं येऊं शकतें. आणि जेथें तेंहि जमत नसेल तेथें ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशीं पाठवावें. जें जें होईल तें त्याच क्षणीं दिसलेंच पाहिजे, ही हौस आहे, गरज नव्हे.

परंतु तारा, माइक, मिक्सर सगळें जुळलें तरी खुर्ची मांडून झाली असें मी म्हणणार नाहीं. त्यासाठीं मनुष्य लागतो. सभागृहाच्या दाराशीं आपण दोन विद्यार्थ्यांस उभें करतों; ते आल्यागेल्यास गुलाबपाणी शिंपडतात, जागा दाखवितात, म्हाताऱ्या माणसास हात देतात. दूरून येणाऱ्या पाहुण्याच्या दाराशीं कोण उभें असतें? कोणीहि नसतें. त्यास एक काळा चौकोन दिसतो, कधीं एखादी टेबलाची बाजू, आणि कार्यक्रम सुरू झाला कीं नाहीं हेंहि कळत नाहीं. म्हणून एक जबाबदार मनुष्य केवळ त्यांच्यासाठीं नेमावा. मी त्यास दूरस्थांचा यजमान म्हणतों. त्याला सभागृहांत दुसरें कोणतेंहि काम देऊं नये, हारतुऱ्यांचें तर नाहींच. त्यानें अर्धा तास आधीं दार उघडावें. येणाऱ्यास नांवानें नमस्कार लिहावा. "कार्यक्रमास दहा मिनिटें उशीर आहे, प्रमुख पाहुणे वाटेंत आहेत," असें खरें खरें सांगावें. कोणास ऐकूं येत नसेल तर त्यानें व्यासपीठाकडे धांव न घेतां साउंडवाल्याच्या कानीं घालावें. दूरच्यांचा प्रश्न आला तर हात वर करून उभें राहण्याचा त्यास अधिकार असावा, आणि अध्यक्षांनीं सभागृहांतील पहिल्या प्रश्नाआधीं त्याच्याकडे वळावें. हा शेवटचा नियम कांहींस अन्यायाचा वाटेल. माझें म्हणणें असें कीं, समोरच्या मनुष्यास आपण विसरत नाहीं, पाठीमागच्यास विसरतों, तेव्हां पहिला मान त्यासच असावा.

ह्याच यजमानानें वेळेचाहि विचार करावा. मस्कतला आपल्या घड्याळापेक्षां दीड तास कमी असतो. डिसेंबरांत लंडनला साडेपांच तास कमी, न्यूयॉर्कला साडेदहा, आणि सिडनीस उलट साडेपांच तास अधिक. संध्याकाळीं सहाला पडदा उघडणारा आपला कार्यक्रम न्यूयॉर्कच्या माजी विद्यार्थ्यास सकाळीं साडेसातला, कामावर निघण्याच्या घाईंत, पाहावा लागतो. सिडनीच्यास रात्रीं साडेअकराला. सगळ्यांना सोयीची वेळ नसतेच. परंतु निमंत्रणावर प्रत्येक ठिकाणची वेळ छापणें, आणि ज्याच्या मुलाचा प्रवेश आहे त्यास तो साधारण किती वाजतां येईल हें कळविणें, ह्यांस पैसा पडत नाहीं. त्यामुळें भाषणें वेळेवर आटपण्याचा थोडासा धाक आम्हां शिक्षकांसहि बसतो, हा दुसरा लाभ.

ह्या सगळ्यावर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप आहे आणि तो मी हंसण्यावारी नेऊं इच्छीत नाहीं. ते म्हणतात, "घरीं बसून दिसूं लागलें कीं गांवांतला मनुष्यहि येणार नाहीं. संमेलन म्हणजे एकत्र मिळणें. तुम्ही त्याचा सिनेमा करितां." ह्यांत तथ्य आहे. टाळेबंदीनंतर दोन घरांच्या अंतरावर राहणारे कांहीं पालक दुवा मागूं लागले, हें मीं पाहिलें आहे. त्यांना मी दुवा देत नाहीं. माझ्या मतें तो ज्यांना येणें शक्य नाहीं त्यांच्यासाठीं आहे : परगांवींचे, आजारी, आणि ज्यांना जिना चढवत नाहीं अशा आज्या. आणखीहि एक कारण आहे. मुलांचीं नांवें, चेहरे, आवाज ह्या वाऱ्यावर सोडण्याच्या वस्तु नव्हेत. आपल्या देशांत २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा झाला, त्यांत १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक गणून पालकांच्या संमतीची अट घातली आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, आपल्या मुलीचें नृत्य कोणाहि परक्याच्या मोबाइलवर कायमचें राहावें असें कोणत्या आईस वाटेल? म्हणून दुवा जाहीर असूं नये, नांव विचारून आंत घ्यावें, आणि ज्या पालकांची इच्छा नसेल त्यांच्या पाल्याच्या प्रवेशाच्या वेळीं कॅमेरा बाजूस वळवावा. नाटकाच्या मध्यंतरांत रंगपटांतील गंमत दाखविण्याची सूचना एका उत्साही मुलानें केली होती. ती आम्हीं साफ नाकारली. कांहीं क्षण सभागृहाबाहेर जाऊं नयेत, येथपर्यंत मी त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या बाजूचा आहे. मात्र त्यांच्या म्हणण्याप्रमाणें दुवाच बंद केला तर मस्कतचा बाप गांवांत येऊन बसेल असें थोडेंच आहे?

खर्चाचा मुद्दा निघालाच आहे तर तोहि सांगून टाकतों. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं व्यासपीठामागें एक भला मोठा झगझगीत पडदा भाड्यानें आणला होता. त्यावर शाळेचें नांव फिरत होतें, आणि तें शाळेंतच बसलेल्या लोकांना वाचावयाचें होतें! त्या एका रात्रीच्या भाड्यांत ऑडिओ इंटरफेस, लांब केबल आणि दोन चांगले माइक कायमचे विकत मिळाले असते. गेल्या वर्षीं पडदा आणला नाहीं. त्या वस्तु घेतल्या. कांहीं पालकांस शोभा कमी वाटली. एकानें तसें बोलूनहि दाखविलें. मला तो बदल योग्यच वाटतो, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीनें तर फारच. परिषदा, व्याख्यानें, कंपन्यांच्या सभा आतां मोठ्या संख्येनें ह्याच पद्धतीनें भरतात आणि त्यांची जुळणी करणें हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊन बसला आहे. ओबीएस स्टुडिओ हें चित्रें व आवाज जुळविण्याचें साधन तर मोफत मिळतें. आमच्या नववींतील तीन मुलें व दोन मुली त्यावर तासन् तास बसून शिकलीं. भाड्याचा पडदा रात्रीं गाडींत घालून परत गेला असता. हें शिक्षण शाळेंत राहिलें.

गेल्या वर्षींचा कार्यक्रम निर्विघ्न पार पडला असें मात्र नाहीं. आदल्या दिवशीं पूर्ण रंगीत तालीम केली होती : पलीकडे एक माजी विद्यार्थी बसवून, पहिल्या प्रार्थनेपासून आभारापर्यंत. तंबोऱ्याची गोष्ट तेव्हांच कळली. तरी प्रत्यक्ष दिवशीं नाटकाच्या दुसऱ्या प्रवेशांत वीज गेली. राउटर व लॅपटॉप आम्हीं इन्व्हर्टरवर ठेवले होते. मिक्सर ठेवण्याचें कोणास सुचलें नव्हतें. सभागृहांत अंधार आणि गलका, दुव्यावर अंधार आणि शांतता. आमची यजमान, दहावींतील मुलगी, हिनें तत्काळ लिहिलें : "वीज गेली आहे. नट व्यासपीठावरच थांबले आहेत. आपणहि थांबा." वीज सात मिनिटांनीं आली, तोंपर्यंत दूरच्या चौतीस घरांपैकीं एकतीस घरें जागेवर होतीं. सभागृहांतून तेवढ्या वेळांत किती लोक भज्यांच्या गाडीकडे गेले, तें मोजलें नाहीं. ह्या वर्षीं मिक्सरहि इन्व्हर्टरवर जाणार आहे.

मस्कतच्या त्या गृहस्थांचा निरोप ह्या खेपेसहि दुसऱ्या दिवशीं आला. त्यांची मुलगी आतां नववींत होती व वक्तृत्वाचें दुसरें बक्षीस तिला मिळालें होतें. ह्या वेळीं त्यांनीं चांगली खरमरीत तक्रार केली होती. भाषण शब्द न् शब्द ऐकूं आलें. पण बक्षीस देतांना कॅमेरा उजव्या हातास होता, त्यामुळें प्रमुख पाहुण्यांचा चेहरा दिसला आणि प्रत्येक मुलाची पाठ. "सर, पाहुण्यांना बघण्यासाठीं मी रजा टाकली नव्हती," असें त्यांनीं लिहिलें होतें. ह्या वर्षीं कॅमेरा व्यासपीठाच्या डाव्या बाजूस, तिसऱ्या खांबाशीं लावावयाचा असें ठरलें आहे, आणि तेथपर्यंत केबल पुरते कीं नाहीं हें शनिवारीं शाळा सुटल्यावर मुलें मोजून पाहणार आहेत.